राजाचा सांगाडा सापडला, आता त्याचं करायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर शहरातल्या एका पार्किंगखाली सापडला आणि २०१५ मध्ये तिथल्याच कॅथिड्रलमध्ये पुन्हा पुरला गेला. तो संशोधनासाठी का ठेवला नाही, यॉर्कला का नेला नाही, राजा कॅथलिक असताना अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, कॅथिड्रलमध्ये कसा पुरला, हे ठरवायचा अधिकार कुणाचा, आणि एवढा खटाटोप एका राजासाठीच का?

मी वीसेक वर्षं इंग्लंडमध्ये उत्खननांत निघणाऱ्या मानवी अस्थींवर काम करते. लेस्टरच्या कामात मी नव्हते. माझ्याकडे येतात ते बहुतेक जुन्या दफनभूमीतले अनामिक लोक, जिथे नवा रस्ता किंवा इमारत व्हायची असते तिथले. राजा माझ्या टेबलावर कधी आला नाही. पण टेबलावरची कामं तीच असतात आणि चुका व्हायच्या जागाही त्याच असतात, म्हणून लिहिते.

तुम्ही विचारताय की कुठे पुरायला हवं होतं. माझ्या अनुभवात भांडण जागेवरून दिसतं, पण त्याचं मूळ वेळेत असतं. पुढे काय करायचं हे माती उकरण्याआधी ठरलं होतं की अस्थी हातात आल्यावर, यावर जवळजवळ सगळं अवलंबून असतं. अस्थी एकदा वर आल्या, त्यांना नाव लागलं, कॅमेरे आले, की प्रत्येकाला त्यांच्यावर हक्क सांगावासा वाटतो आणि शांतपणे विचार करायची वेळ निघून जाते.

लेस्टरमध्ये ही गोष्ट बऱ्याच अंशी नीट झाली. रिचर्ड २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉस्वर्थच्या लढाईत पडला, तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. फ्रान्सिस्कन साधूंनी त्याला आपल्या ग्रेफ्रायर्स मठाच्या चर्चमध्ये पुरलं. १५३८ मध्ये मठ बंद झाला, पुढे इमारत गेली, आणि अस्थी सोअर नदीत फेकल्या अशी कथा पसरली. २५ ऑगस्ट २०१२ रोजी पहिला चर खणायला घेतला आणि त्याच दिवशी पायांची हाडं दिसली. तेव्हा काय केलं ते बघा. हाडं झाकून ठेवली. इंग्लंडमध्ये पुरलेले मानवी अवशेष हलवायचे तर १८५७ च्या दफन कायद्याखाली न्याय मंत्रालयाचा परवाना लागतो. जमीन चर्च ऑफ इंग्लंडने पवित्र केलेली असेल तर वाट वेगळी, तिथे चर्चची परवानगी लागते. इथला परवाना ३ सप्टेंबरचा आहे. सांगाडा पूर्ण उघडला गेला तो त्यानंतर. आणि त्या परवान्यातच लिहिलं होतं की अवशेष ३१ ऑगस्ट २०१४ पर्यंत सेंट मार्टिन्समध्ये, म्हणजे लेस्टरच्या याच कॅथिड्रलमध्ये, किंवा कायदेशीर दफनभूमीत पुरावेत, नाहीतर ज्युरी वॉल संग्रहालयात ठेवावेत. म्हणजे हा सांगाडा राजाचा आहे हे कुणालाही ठाऊक नसताना त्याच्या परतीची सोय कागदावर झालेली होती.

असं झालं नाही तर काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. एका जुन्या चर्चच्या अंगणात बांधकाम होणार होतं, म्हणून आम्ही तिथले दीडेकशे सांगाडे काढले. मोजमापं झाली, अहवाल झाला. पण परत पुरायचे पैसे कोणी द्यायचे आणि जागा कोणती, हे करारात कुणी लिहिलंच नव्हतं. त्या पेट्या सहा वर्षं एका गोदामाच्या फळीवर राहिल्या. यादी करायला मी वर्षातून एकदा तिथे जायचे, आणि प्रत्येक खेपेला मला त्या माणसांची माफी मागावीशी वाटायची. राजघराण्यातले लोकही यातून सुटलेले नाहीत. शाफ्ट्सबरीच्या मठाच्या अवशेषांत १९३१ मध्ये काही अस्थी सापडल्या. त्या ९७८ मध्ये मारल्या गेलेल्या एडवर्ड राजाच्या, म्हणजे संत मानलेल्या एडवर्ड द मार्टरच्या, असा दावा झाला. त्या कुणाकडे द्यायच्या यावरून शोध लावणाऱ्याचं आणि त्याच्या भावाचं पटलं नाही, आणि त्या काही काळ बँकेच्या तिजोरीत पडून होत्या.

आता ओळख पटवण्याकडे येते. माझं काम सर्वात जास्त इथेच असतं, आणि लोक घाई करतात तेही इथेच. ओळख पटेपर्यंत त्या अस्थी कुणाच्याच नसतात, असं मी नव्या सहकाऱ्यांना सांगते. लेस्टरला सांगाडा जागेवरून हलवताना पेटीवर राजचिन्हांचा ध्वज घातला होता. ज्यांनी वर्षानुवर्षं हा शोध मनात धरला होता त्यांची भावना मला समजते. पण मी ते केलं नसतं. कारण मग प्रयोगशाळेतल्या प्रत्येक माणसाला ध्वज आधी दिसतो आणि हाड नंतर. तुम्ही शोधायला निघता तेच तुम्हाला सापडू लागतं.

सुदैवाने पुढचं काम कसून झालं. कण्याला पौगंडावस्थेत सुरू झालेला मोठा बाक होता, त्यामुळे उजवा खांदा वर राहिला असणार. पण त्याचा एक हात वाळलेला होता अशी जी कथा पुढच्या काळात पसरली, तिचा हाडांत मागमूसही नव्हता. मृत्यूच्या सुमाराच्या अकरा जखमा मिळाल्या. त्यांतल्या नऊ कवटीवर होत्या आणि त्यातही कवटीच्या तळाशी असलेल्या दोन सहज जीवघेण्या. खड्डा सांगाड्याला अपुरा होता, शवपेटी नव्हती, पावलं नंतरच्या कुठल्यातरी बांधकामात नाहीशी झाली होती. रेडिओकार्बनचं, म्हणजे हाडातल्या कार्बनवरून काळ काढणाऱ्या चाचणीचं, पहिलं उत्तर अपेक्षेपेक्षा जुनं आलं, कारण या माणसाच्या आहारात मासे भरपूर होते. समुद्रातला कार्बन हाडात गेला की हाड आपलं वय वाढवून सांगतं. ती दुरुस्ती केल्यावर काळ जुळला. मग डीएनए. रिचर्डची बहीण अॅन हिच्या मुलीकडून, तिच्या मुलीकडून अशा मातृवंशाने आलेल्या दोन जिवंत व्यक्तींशी मायटोकॉन्ड्रियल डीएनए, म्हणजे फक्त आईकडून येणारा डीएनए, ताडून पाहिला. एकाशी तो तंतोतंत जुळला, दुसऱ्या व्यक्तीत एकच फरक होता. हे सगळे पुरावे एकत्र मांडून २०१४ मध्ये जो शोधनिबंध आला, त्यात हा रिचर्ड असण्याची शक्यता ९९.९९९ टक्के धरली आहे. यांतल्या कुठल्याही एका पुराव्यावर मी नाव लिहिलं नसतं. सगळे मिळून मात्र शंकेला जागा उरत नाही.

पण प्रत्येक चाचणी हाडाचा एक तुकडा खाऊन टाकते, आणि राजाशी कसं वागायचं हे माझ्या दृष्टीने इथेच ठरतं. मी पाळते तो क्रम असा आहे: आधी फोटो, मोजमापं आणि सीटी स्कॅन, मग लेखी प्रश्न, मग नमुना. प्रश्न लिहिता येत नसेल तर नमुना घ्यायचा नाही. "पुढेमागे उपयोगी पडेल" हा प्रश्न नव्हे. डीएनएसाठी आज कानाच्या आतलं घट्ट हाड सर्वोत्तम मानतात, पण ते कवटीचा भाग आहे. ज्याचा चेहरा लोकांना ओळखीचा आहे, त्याच्या बाबतीत मी दात आणि मांडीचं हाड आधी पाहीन. काय घेतलं, किती ग्रॅम, किती उरलं आणि उरलेलं कुठे जाणार, हे त्याच दिवशी वहीत लिहिलं गेलं पाहिजे. नंतर आठवून लिहिलेल्या नोंदीवर मी विसंबत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मृताइतकीच जिवंतांची आहे. पितृवंश तपासायला रिचर्डच्या पूर्वजांकडून उतरलेल्या पाच पुरुषांचे नमुने घेतले होते. त्यांचं वाय गुणसूत्र, जे बापाकडून मुलाला मिळतं, ते सांगाड्याशी जुळलं नाही, म्हणजे मधल्या पिढ्यांत कुठेतरी कागदावरचा बाप खरा नव्हता. इतक्या पिढ्यांत ते नवल नाही. पण त्या पाचांपैकी एक जण बाकी चौघांशीही जुळला नाही, आणि ही तफावत गेल्या काही पिढ्यांतलीच आहे. राजाची ओळख पटवायला मदत केलेल्या माणसाला आपल्या पणजोबांबद्दल असं काही कळू शकतं. नमुना घेण्याआधी समोर बसवून, वेळ देऊन हे सांगायला हवं, आणि "नको" म्हणायची मोकळीक खरी असायला हवी.

कधीकधी नाव लागतच नाही, तेही स्वीकारावं लागतं. विंचेस्टरमध्ये नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाच्या आशेने २०१३ मध्ये एक बेनावाची कबर उघडली. त्यातल्या अस्थी काही शतकं नंतरच्या निघाल्या. मग आल्फ्रेडच्या अस्थी पुढे जिथे नेल्या होत्या त्या हाइड मठाच्या जागेवर आधी सापडलेला आणि संग्रहालयात असलेला कमरेच्या हाडाचा एक तुकडा तपासला, त्याचा काळ ८९५ ते १०१७ आला. तो आल्फ्रेडचा असेल, त्याच्या मुलाचा असेल. अशा वेळी पाटीवर "बहुधा" हा शब्द ठेवायला धैर्य लागतं.

इथवरचं थोडक्यात: परतीची सोय आधी, नाव पुराव्यानंतर, आणि नमुना प्रश्नापुरता. आता तुमचा सर्वात तापलेला प्रश्न, अधिकार कुणाचा.

इंग्रजी कायद्यात मृतदेह कुणाची मालमत्ता नसतो. मला हे तत्त्व फार मोलाचं वाटतं. शोधणारा म्हणतो माझा, विद्यापीठ म्हणतं आमचा, शहर म्हणतं आमचा, वंशज म्हणतात आमचा. कायदा म्हणतो, कुणाचाच नाही, फक्त जबाबदारी कुणाची ते सांगा. परवाना ज्याच्या हाती, जबाबदारी त्याची; इथे ती लेस्टर विद्यापीठाची. यॉर्कच्या बाजूने हजारो लोकांनी सह्या केल्या. त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. रिचर्डने उत्तरेत बरीच वर्षं काढली आणि यॉर्क मिन्स्टरमध्ये, म्हणजे तिथल्या कॅथिड्रलमध्ये, शंभर पुरोहितांचं प्रार्थनास्थान उभारायची त्याची योजना होती. दूरच्या नातेवाइकांच्या एका गटाने न्यायालयात दाद मागितली की परवाना देण्याआधी सल्लामसलत व्हायला हवी होती. उच्च न्यायालयाने २३ मे २०१४ रोजी ती मागणी फेटाळली: असं सल्ल्याचं बंधन नव्हतं आणि हस्तक्षेपाला आधार नव्हता.

निकाल मला योग्य वाटतो. रिचर्डचा एकुलता औरस मुलगा १४८४ मध्येच वारला. उरतात ते भावाबहिणींचे वंशज, आणि पाचशे वर्षांनंतर त्यांची संख्या लाखोंच्या घरात जाते. त्यांतल्या पंधरा-वीस जणांनी एकत्र येऊन "कुटुंब" म्हणून बोलणं मला पटत नाही. पण खटल्यामागची तक्रार मात्र मी झटकून टाकणार नाही. ऐकून घेण्याचं बंधन कायद्याने नसलं, तरी ऐकून घेतलं असतं तर दीड वर्ष वाचलं असतं. मी असते तर ओळख पटल्याच्या दिवसापासून निदान तीन महिने लोकांना लेखी म्हणणं मांडायला दिले असते, आणि निर्णय कोण घेणार आहे हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं असतं. लोकांना मत मागायचं आणि निर्णय त्यांचाच आहे असं भासवायचं, यातून सर्वात जास्त कटुता येते.

लेस्टर की यॉर्क, यावर माझं मत लेस्टरच. या देशातल्या दफनभूमींच्या कामात आम्ही एक साधी रीत पाळतो: जिथून काढलं त्याच्या शक्य तितकं जवळ परत. रिचर्डला कुठे पुरलं जायला आवडलं असतं, हे कुणी खात्रीने सांगू शकत नाही. तो कुठे पुरला गेला, हे मात्र माहीत आहे. सेंट मार्टिन्स त्या जागेपासून अगदी हाकेच्या अंतरावर आहे, आणि त्याच्या काळातही ते चर्च तिथे उभं होतं. कॅथिड्रलचा दर्जा त्याला १९२७ मध्ये मिळाला.

इथेच धर्माचा प्रश्न येतो. रिचर्ड मेला तेव्हा इंग्लंडमध्ये चर्च एकच होतं, रोमशी जोडलेलं. त्यामुळे "तो कॅथलिक होता" हे खरं असलं तरी तो आजच्या दोन पंथांतला एक निवडून कॅथलिक झालेला नव्हता. आणि ही अंत्यविधीची गोष्टही नव्हती. साधूंनी त्याला पुरलं तेव्हा, कितीही घाईत असो, तो विधी झालेला होता. २०१५ चा विधी पुनर्दफनाचा होता, आणि मध्ययुगाला पुनर्दफन परकं नव्हतं. मला या साऱ्या प्रकरणात सर्वात भिडतं ते हेच. खुद्द रिचर्डने १४७६ मध्ये आपल्या वडिलांचा आणि भावाचा देह पाँटिफ्रॅक्टहून फॉदरिंगेला नेला, तेव्हा मुख्य शोककर्ता म्हणून तो त्या यात्रेबरोबर चालला होता. राजा झाल्यावर १४८४ मध्ये त्याने सहाव्या हेन्रीचा, म्हणजे विरोधी घराण्यातल्या राजाचा देह चर्ट्सी मठातून विंडसरला हलवला. मृताला त्याच्या योग्य जागी सन्मानाने नेणं म्हणजे काय, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यामुळे कुठला पंथ यापेक्षा त्याला ओळखू येईल असं काहीतरी विधीत असावं, हा निकष मला योग्य वाटतो. पंधराव्या शतकातल्या पुनर्दफनाच्या विधीचं एक हस्तलिखित अभ्यासकांना मिळालं होतं, त्याचा आधार घेतला गेला. त्या आठवड्यात लेस्टरच्या कॅथलिक चर्चमध्ये कार्डिनल व्हिन्सेंट निकोल्स यांनी त्याच्यासाठी मिस्सा (कॅथलिक प्रार्थनाविधी) अर्पण केला, आणि २६ मार्च २०१५ रोजी कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांच्या उपस्थितीत कॅथिड्रलमध्ये दफन झालं. याआधीचं एक उदाहरणही आहे: मेरी रोझ या बुडालेल्या जहाजावरच्या एका अनामिक खलाशाला १९८४ मध्ये पोर्ट्समथच्या अँग्लिकन कॅथिड्रलमध्ये पुरलं, ते धर्मसुधारणेआधीच्या, म्हणजे इंग्लंडचं चर्च रोमपासून वेगळं होण्याआधीच्या, जुन्या लॅटिन विधीने.

शवपेटी बनवली ती डीएनए जुळलेल्या दोघांपैकी एकाने, मायकेल इब्सेन यांनी. ते पेशाने सुतारकाम करणारे. ओकच्या लाकडाची पेटी. आत अस्थी शरीरातल्या क्रमाने मांडल्या होत्या. हा क्रम लोकांना दिसत नाही, पण आमच्यासाठी तो महत्त्वाचा. पेटीत गोळा करून टाकलेली हाडं आणि क्रमाने मांडलेली हाडं यांत फरक आहे. दुसरीत माणूस असतो. कबरीबाबत आधी जमिनीलगतच्या साध्या शिळेचा विचार होता. लोकांची नाराजी पाहून उंच कबर ठरली, स्वेलडेलच्या जीवाश्मयुक्त फिक्या दगडाची, वर खोल कोरलेला क्रूस. इथे लोकांचं ऐकलं गेलं, आणि परिणाम चांगला झाला.

संशोधनासाठी किंवा प्रदर्शनासाठी ठेवायला हवं होतं का? नाही. हाडांचं सीटी स्कॅनिंग झालं आहे, त्यावरून त्रिमितीय छपाईने सांगाड्याची प्रतिकृती बनली आहे, आणि मूळ खड्ड्याच्या जागी २०१४ मध्ये केंद्र उभं राहिलं, तिथे काचेच्या जमिनीखाली ती जागा दिसते. अभ्यासकाला जे लागतं त्याचा मोठा भाग तिथे आणि नोंदींत आहे. उद्या नवं तंत्र येईल हे खरं, पण त्या आशेवर नाव असलेल्या माणसाला फळीवर ठेवायला मी तयार नाही. उलट टोकही मला पटत नाही. वेस्टमिन्स्टर ॲबीत एका कलशात १६७४ मध्ये टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात सापडलेल्या मुलांच्या अस्थी आहेत, त्या रिचर्डच्या पुतण्यांच्या मानल्या जातात. १९३३ मध्ये एकदा त्या तपासल्या, त्यानंतर डीएनएचं युग आलं तरी कलश उघडलेला नाही. तिथे प्रश्न लेखी मांडता येतो, नमुना लहान पुरेल, आणि उत्तराने त्या मुलांना त्यांची नावं मिळू शकतील. मी असते तर परवानगी दिली असती.

शेवटी तुमचं ते वाक्य, "एवढा खटाटोप एका राजासाठीच का?" ग्रेफ्रायर्स चर्चच्या त्याच जागेत २०१३ मध्ये पुन्हा खोदकाम झालं, तेव्हा एक दगडी शवपेटी निघाली. आत शिशाची पेटी, आणि तिच्यात एक वृद्ध स्त्री. तिचं नाव कळलेलं नाही. तिच्यासाठी रस्त्यावर रांगा लागल्या नाहीत. रिचर्डची शवपेटी पाहायला मात्र तीन दिवसांत वीस हजारांवर लोक आले. रांगांचं मी समजू शकते, त्याच्यामागे पाचशे वर्षांच्या गोष्टी आहेत. पण टेबलावर मी तिला तेवढाच वेळ देईन, तिच्याही नमुन्याला लेखी प्रश्न लागेल, आणि तिच्याही पेटीवर पहिल्या दिवसापासून परतीची तारीख लिहिलेली असेल.